आधी चाळणी, मग शेअर

रात्रीच्या जेवणानंतर होस्टेलच्या कट्ट्यावर हल्ली क्रिकेटच्या खालोखाल शेअर बाजाराची चर्चा रंगते. प्रश्न एकच, "काय घेऊ?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, "काय घ्यायचं नाही?" घरी धान्य चाळतात ते सोनं सापडावं म्हणून नव्हे, तर खडा दाताखाली येऊ नये म्हणून. शेअर चाळण्याचंही तसंच आहे.

स्विंग ट्रेडिंग म्हणजे शेअर डिलिव्हरीत घेऊन दोन-तीन दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत ठेवायचा आणि भावाची मधली एक चाल पकडायची. एनएसई रोज संध्याकाळी 'भावकॉपी' नावाची फाईल फुकट देते. ती मी एक्सेलमध्ये साठवतो आणि शनिवारी चाळतो. एक सूचना आत्ताच देतो. बोनस किंवा स्प्लिट झाला की जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त करा, नाहीतर १:१ बोनस दिलेला शेअर निम्म्यावर कोसळल्यासारखा दिसतो.

माझ्या चाळण्या पाच. क्रम महत्त्वाचा आहे.

१) बाहेर पडता येईल का? फक्त निफ्टी ५०० मधल्या कंपन्या घ्यायच्या. त्यातही २० दिवसांची सरासरी उलाढाल रोज १० कोटी रुपयांच्या खाली असेल तर नाव काटायचं. ट्रेड-टू-ट्रेड गटातले आणि एक्सचेंजच्या विशेष देखरेखीखालचे शेअर्सही बाद. लोअर सर्किट लागलं की विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कोणी नसतो. अशा वेळी तुमचं विश्लेषण कितीही बरोबर असो, उपयोग शून्य.

२) चाल कुठल्या दिशेला आहे? भाव ५० दिवसांच्या सरासरीच्या वर हवा आणि ती सरासरी २०० दिवसांच्या सरासरीच्या वर हवी. इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींनी इथे कान टवकारावेत, कारण साधी चल सरासरी म्हणजे एक लो-पास फिल्टरच. 'न' दिवसांच्या सरासरीचा उशीर (न - १) / २ दिवस. म्हणजे ५० दिवसांची सरासरी साडेचोवीस दिवस मागे चालते. गोंगाट कमी होतो, पण बातमी शिळी होते. ही सरासरी भविष्य सांगत नाही, आतापर्यंतचा कल सांगते. तेवढंच काम तिच्याकडून घ्यावं.

३) बाजारापेक्षा जोर जास्त आहे का? शेअरची तीन महिन्यांतली टक्केवारी वाढ वजा निफ्टीची वाढ. उत्तर ऋण आलं तर बाद. सगळी बोट वर जाताना एखादा माणूस वर गेला, तर ते त्याचं कर्तृत्व नव्हे!

४) हेलकावा किती आहे? यासाठी एटीआर, म्हणजे शेअर एका दिवसात सरासरी किती रुपये हलतो तो आकडा. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात तो मांडला. आरएसआयसुद्धा त्याच पुस्तकातला. एटीआर भावाच्या २ ते ४ टक्के असावा. त्याहून कमी असेल तर चाल मिळत नाही, जास्त असेल तर झोप मिळत नाही.

५) तारखा. पुढच्या दोन आठवड्यांत कंपनीचे निकाल असतील तर नाव काटायचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाव उडी मारून उघडला तर स्टॉपलॉस तुमच्या आकड्यावर थांबत नाही.

एवढं चाळून कधी दहा-बारा नावं उरतात, कधी एकही नाही. एकही न उरणं हेसुद्धा उत्तरच आहे.

आता हिशोब. समजा भांडवल २०,००० रुपये आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे २०० रुपये गमवायची तयारी. शेअर ४०० ला, एटीआर १२. स्टॉपलॉस दीड एटीआर खाली, म्हणजे ३८२ वर. एका शेअरमागे धोका १८ रुपये. २०० भागिले १८, म्हणजे ११ शेअर्स. गुंतले ४,४०० रुपये.

सगळे २०,००० का नाही लावायचे? ७ जानेवारी २००९ आठवा. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास बंद झालेला सत्यम कॉम्प्युटर्स त्या दिवशी सुमारे ४० वर बंद झाला. हिशोबच खोटे निघाले. अशा ७८ टक्के घसरणीत ११ शेअर्सवाल्याचे सुमारे ३,४०० जातात, सगळे लावणाऱ्याचे १५,६००. चाळणी हुकते तिथे नगांची संख्या वाचवते.

आणि कमाई? धरा, १० सौद्यांत ४ वेळा दुप्पट धोक्याइतका नफा (प्रत्येकी ३९६) आणि ६ वेळा स्टॉपलॉस (प्रत्येकी १९८). १,५८४ वजा १,१८८, म्हणजे ३९६ रुपये. दलाली शून्य धरली तरी खरेदी-विक्री दोन्हीवर ०.१ टक्का एसटीटी, शिवाय विकताना डीपी चार्ज. सौद्यामागे २५ रुपये धरले तर १० सौद्यांचे २५० गेले. उरले १४६! त्यावर अल्पकालीन नफ्याचा कर वेगळा. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर १५ वरून २० टक्के झाला आहे.

म्हणजे पद्धत बरोबर असूनही लहान भांडवलात महिनाभराच्या चहाचीसुद्धा सोय होत नाही. मग मोह होतो की धोका वाढवू, नाहीतर रोजच्या रोज घेऊ-विकू. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये शेअर्सचं इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ व्यक्ती तोट्यात होत्या, आणि तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होतं. इंट्राडे आणि स्विंग वेगळे हे मान्य, पण घाई दोन्हीकडे सारखीच महाग पडते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पहिले ५० सौदे वहीत करा. तारीख, भाव, स्टॉपलॉस, खर्च, सगळं लिहा. जर्नल पूर्ण करायची सवय आपल्याला आहेच, फक्त हे जर्नल शेजाऱ्याचं बघून उतरवू नका. आणि परीक्षा फी, मेसचं बिल, घरून आलेले पैसे यांना भांडवल म्हणू नका. ही सगळ्यात बारीक चाळणी, आणि ती पहिल्या चाळणीच्याही आधी लावायची.