निम्मी पिशवी रिकामी ठेव

बाळा, काल रात्री तू हत्यारांची पेटी भरत होतास ते मी ओट्यावरून बघत होतो. दोन माणसांनी उचलावी एवढी जड केलीस. उद्या पहाटे कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार बाजारात जायचं, मारुती ८०० चं इंजिन स्वतः उतरवायचं आणि संध्याकाळी टेम्पोत घालून घरी आणायचं, हा बेत चांगला आहे. पण पेटी घरीच ठेव. कॅनव्हासच्या दोन पिशव्या घे, आणि त्यांतली एक निम्मी रिकामी राहू दे.

ती रिकामी जागा कशासाठी, ते आधी सांगतो. कटिंगवाल्याची पोरं इंजिन अर्ध्या तासात काढून देतात. वायरिंग कापतात, पाण्याचे पाईप सुरीने उडवतात, फाउंडेशनचा बोल्ट अडला की गॅस कटर लावतात. त्यांना लोखंडाचं वजन करायचं असतं, आपल्याला गाडी चालवायची असते. इंजिन मिळतं, पण अल्टरनेटरची पट्टी, एक्सिलरेटर केबलचं ब्रॅकेट, होजच्या क्लिपा, वायरिंगचे कपलर तिथेच मातीत राहतात. मारुतीने ही गाडी बनवणं २०१४ च्या जानेवारीत थांबवलं. आता एखाद्या ब्रॅकेटसाठी दहा दुकानं फिरावी लागतात. म्हणून इंजिनाबरोबर त्याचा सगळा संसार आणायचा. त्यासाठी जाड प्लॅस्टिकच्या वीस-पंचवीस पिशव्या, रबरबँड, कापडी चिकटपट्टी आणि मार्कर घे. प्रत्येक पिशवीवर लिही: ‘स्टार्टर, २ बोल्ट’, ‘बेल हाउसिंग, वरचा लांब’. वायर सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढ. आमच्या वेळी वहीत चित्रं काढायचो.

आता हत्यारं. ही जपानी घराण्याची गाडी, त्यामुळे बहुतेक काम १०, १२, १४, १७ आणि १९ मध्ये उरकतं. १० आणि १२ चे पाने दोन-दोन घे, कारण एकाने बोल्ट धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा असतो. १३ चा पाना टाटाच्या गाडीला हवाच, इथे त्याचं ओझं नको. उद्या कोणी जुन्या विलीस जीपचं किंवा अँबॅसिडरचं इंजिन काढायला बोलावलं, तर हा संच तसाच ठेवून इंची पाने उचल. गोट्या सहा कोनी घे. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते आणि मग नट गोल होतो. आपले रिंग पाने टापरियाचे आहेत, नाशिकचा माल, त्यांच्यावर भरवसा ठेव. रॅचेटने अडलेला बोल्ट तोडायला जाऊ नकोस, दाते जातात. त्याला लांब टॉमी लाव आणि वर दोन फुटी पाईप चढव.

सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू म्हणजे लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट डोळ्यांना दिसतच नाहीत, हाताने चाचपून शोधावे लागतात. इथे घाई करू नकोस. सगळे बोल्ट काढले असं वाटतं, इंजिन हलतं, पण गिअर बॉक्सपासून सुटत नाही. मग माणूस पहार घालून ताकद लावतो आणि ॲल्युमिनियमचा कान टचकन तुटतो. इंजिन सुटत नसेल तर एक बोल्ट राहिलेला आहे, असंच समज. पहार खाली ठेव, बॅटरी मार, हात फिरव. माझ्या वस्तादांनी मला हे एकदाच सांगितलं होतं, तेही माझ्या हातून कान तुटल्यावर.

गंज सोडवणाऱ्या तेलाचा डबा पिशवीत सगळ्यात वर ठेव. पोहोचल्याबरोबर पहिलं काम तेच. सायलेन्सरचे नट, मॅनिफोल्ड, फाउंडेशनचे बोल्ट, सगळ्यांवर फवारा मार आणि अर्धा तास त्यांच्याकडे बघू नकोस. त्या वेळात बॉनेट उतरव, रेडिएटर काढ. मग पाना लावलास की नट आधी केसभर आवळ, नंतर सैल कर. गंज असा तडकतो. एखादा नट जिद्दीला पेटलाच तर हॅकसॉचं नुसतं पान ने, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून. अडचणीच्या जागी फ्रेमपेक्षा तेच चालतं.

इंजिन घ्यायचं की नाही, हे खोलण्याआधी ठरव. त्यासाठी प्लग पाना आणि पांढरी चिंधी पुरे. तेलाची पट्टी चिंधीवर पूस. दुधाळ रंग असेल तर तेलात पाणी गेलंय, मागे फीर. चिंधी उन्हात धरून बघ. धातूची चमकी दिसली तरी मागे फीर. तिन्ही प्लग काढ. तपकिरी असतील तर उत्तम, काळे आणि तेलकट असतील तर इंजिन तेल खातंय. मग क्रँकच्या पुलीला गोटी लावून इंजिन हाताने फिरव आणि दुसऱ्या माणसाला प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायला सांग. तिन्ही भोकांत अंगठा सारख्याच जोराने उडायला हवा. गाडी एमपीएफआय निघाली तर तिचा कॉम्प्युटर आणि पूर्ण वायरिंग घेतल्याशिवाय सौदा करू नकोस. तुझ्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ते इंजिन तसं उपयोगाचं नाही.

पिशवीत पाच-सहा लाकडी गुट्ट्या आणि जुन्या चपलेचं रबर टाक. हसू नकोस. इंजिनाची जी जी तोंडं उघडी पडतील ती लगेच बंद करायची: कार्ब्युरेटरचं तोंड चिंधीचा बोळा आणि चिकटपट्टीने, पेट्रोलची नळी गुट्टीने. ऐन उमेदीत मी असाच एका भंगारातून इंजिन आणलं होतं. उतरवताना १० चा नट हातातून सुटला, टणकन आवाज आला आणि शोधूनही सापडला नाही. मातीत पडला असेल म्हणालो. गाडीत बसवून सेल मारला, एक कडक आवाज आला आणि बंद. हेड उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर नटाचे सहाही कोपरे उमटलेले. गिऱ्हाइकाला दुसरं इंजिन मी माझ्या खिशातून दिलं. तेव्हापासून इंजिनाला पाना लावण्याआधी तोंडं बांधतो.

जिवाची काळजी वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. तिथे गाड्या एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या गाडीत हात घालू नकोस, मालकाला वरची उतरवायला सांग. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. घोडी लाव आणि शेजारी एक जुनं चाक आडवं टाक. गॉगल घाल, खाली झोपून काम करताना गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांत पडतात. शेजारी कटर चालू असेल तर पेट्रोलची नळी सोडू नकोस, त्याला आधी थांबव. एक्सल ओढलास की गिअर ऑइल वाहतं, त्याखाली घमेलं ठेव. चेन पुली तिथे भाड्याने मिळेल, पण साखळी आपली ने. नायलॉनची दोरी गरम किंवा धारदार कडेवर कधी तुटेल सांगता येत नाही. टेम्पोत इंजिन जुन्या टायरवर बसव, ते गडगडत नाही आणि ऑइलचं चेंबरही चेपत नाही.

प्रत्येक हत्याराला लाल पट्टी लाव आणि निघताना मोज, संध्याकाळी परत मोज. तिथल्या पोरांचे पाने आणि आपले पाने एकाच मातीत पडलेले असतात.

आणि एक कागद, एक पेन्सिल. ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासून साफ कर, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घे. नंबर खरवडलेला दिसला तर इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नकोस. आरटीओत आरसीवर हाच नंबर चढवावा लागेल आणि त्या वेळी पावती मागतील. दुकानदाराच्या पावतीवर हा नंबर लिहून, सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पोची दोरी आवळू नकोस.