दोन पाकिटे, पाच ताटे : संध्याकाळच्या नूडल्सना ताकद कशी द्यावी



बचत गटांच्या बैठकीत मी आहाराविषयी बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरं मॅगीच मागतात. देऊ का नको?" या अंकातला पाठ याच प्रश्नाचे उत्तर आहे. मॅगी हे खरे तर एका कंपनीच्या मालाचे नाव, पण आपल्याकडे कुठल्याही नूडल्सच्या पाकिटाला लोक मॅगीच म्हणतात. या पाठात मी नुसते 'पाकीट' म्हणेन.

पाठाचा उद्देश : पाकीट घरात आलेच, तर ते पूर्ण जेवण न होता जेवणाचा एक भाग कसे होईल, हे शिकणे.

1. पाकीट आपल्या चुलीपर्यंत कसे आले

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली कितीतरी कुटुंबे भात-नागलीची कापणी उरकून, दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर कामाला जातात. तिथे दिवसभर उभ्याने काम, राहायला पत्र्याचे शेड, तीन दगडांची चूल. अंधार पडता पडता आई परत येते. पाणी भरायचे, सरपण पेटवायचे, आणि मूल तेवढ्यात भुकेने रडत असते. अशा वेळी पाच मिनिटांत होणारे पाकीट तिला आधार वाटते. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी एक दिवस तिच्या जागी उभे राहून पाहावे. म्हणून मी वर्गात "पाकीट आणूच नका" असे सांगत नाही. आईकडे वेळ नाही, हे आधी मान्य करायचे आणि मग पुढे बोलायचे.

या पदार्थाचा जन्मही टंचाईतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाची वाण होती. तिथल्या मोमोफुकू आंदो यांनी 1958 मध्ये पहिल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या. युक्ती साधी होती. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळायच्या. तळताना आतले पाणी निघून जाते, बारीक छिद्रे राहतात, आणि पुढे गरम पाण्यात टाकल्या की त्याच छिद्रांतून पाणी आत शिरून त्या लगेच मऊ होतात. कोरड्या दिसणाऱ्या वडीत तेल कुठून येते, याचे उत्तर हेच.

2. पाकिटात काय आहे, काय नाही

पाकीट उलटे करून मागचा मजकूर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. त्याचाही अभ्यास होतो. घटकांच्या यादीत जो पदार्थ सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. बहुतेक पाकिटांवर आधी मैदा आणि मग पामतेल दिसेल.

70 ग्रॅमच्या नेहमीच्या पाकिटात साधारण 300 कॅलरी उष्मांक, 10 ग्रॅमच्या आसपास चरबी आणि 6 ते 7 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे पोट भरते, पण अंग भरत नाही. रक्तासाठी लागणारे लोह, हाडांसाठी कॅल्शियम, पोट साफ ठेवणारा चोथा हे त्यात फारच थोडे.

आता मीठ. पाकिटावर ते 'सोडियम' या नावाने मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, लहान मुलाने त्याहून कमी. एका पाकिटातच 2 ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात गेले, तर दिवसाच्या बाकी जेवणाला किती उरले?

3. कोणती भीती धरावी

"त्यात शिसे असते ना?" असेही काही जणी विचारतात. 2015 च्या जून महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिशाच्या कारणावरून मॅगीची विक्री थांबवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो आदेश रद्द करून नव्याने तपासणी करायला सांगितले. त्या तपासणीत शिसे मर्यादेच्या आत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. तेव्हा ती भीती उराशी धरून बसू नये. आपली खरी काळजी वेगळी आहे.

2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे 36 मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. दर शंभर लहानग्यांत जवळपास 69 जणांना रक्तक्षय होता. अशा मुलाने रोज रात्री नुसते पाकीट खाल्ले, तर ते उपाशी झोपत नाही, म्हणून आईला समाधान वाटते. पण लोह आणि प्रथिने यांविना त्याची रात्र रिकामीच जाते. ही उपासमार डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती ओळखायला शिकले पाहिजे.

4. लक्षात ठेवायचे चार नियम

पहिला : माणशी एक पाकीट नाही. पाच माणसांना दोन पाकिटे.

दुसरा : दोन पाकिटांना मसाल्याची एकच पुडी. पाकिटातले बरेचसे मीठ पुडीत असते. उरलेली पुडी फेकू नका, दुसऱ्या दिवशी उसळीत अर्धी वापरा. मात्र त्या उसळीत वरून मीठ कमी घाला.

तिसरा : पातेल्यात नूडल्स जेवढ्या, तेवढीच भाजी आणि तेवढेच कडधान्य किंवा अंडी.

चौथा : सोबत भाकर हवीच. नागलीच्या 100 ग्रॅम पिठात 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधाच्या ते जवळपास तिप्पट आहे. घरची नागली व्यापाऱ्याला घालायची आणि त्या पैशांत पाकिटे आणायची, हा तोट्याचा व्यवहार आहे.

5. कृती : मटकी, शेवगा आणि अंड्याच्या नूडल्स (पाच जणांसाठी)

साहित्य : पाकिटे 2, मोड आलेली मटकी (कोरडी मोजल्यास 100 ग्रॅम), अंडी 3, शेवग्याची कोवळी पाने दोन ओंजळी, कांदे 2, टोमॅटो 2, लसूण, हळद, एक चमचा तेल, अर्धे लिंबू.

आदल्या दिवशी : मटकी सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधून ठेवा. कामावर जातानाही हे होते. थंडीत मोड यायला थोडा जास्त वेळ लागतो, फडके उबेला ठेवा.

कृती : तेलात लसूण, कांदा, टोमॅटो परता. हळद आणि मटकी घालून पाणी टाका आणि झाकण ठेवून दहा-बारा मिनिटे शिजू द्या. तेवढ्या वेळात भाकरी थापून होतात किंवा सकाळच्या भाकरी गरम होतात. मटकी मऊ झाली की धुतलेला शेवग्याचा पाला घाला. मग नूडल्स मोडून टाका आणि एक पुडी मसाला घाला. वरून मीठ घालू नका. अंडी फोडून, फेटून शेवटी सोडा आणि पूर्ण शिजेपर्यंत हलवा. पातेले खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातले आणि मटकीतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको. चहा ते लोह अडवतो.

हिशोब : नुसती पाच पाकिटे केली तर प्रत्येकाला 7 ग्रॅम प्रथिने आणि 2 ग्रॅम मीठ मिळते. वरील कृतीत दोन पाकिटांची 14, तीन अंड्यांची 18 आणि मटकीची 20 हून अधिक, अशी 50 ग्रॅमच्या वर प्रथिने पाच जणांत वाटली जातात. म्हणजे माणशी दहा ग्रॅम, भाकरीची वेगळी. आणि मीठ निम्म्याहून कमी.

अंडी नसतील तर भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट घाला. सुकट घालणार असाल तर ती दोनदा धुवा आणि पुडी अजिबात घालू नका, कारण सुकट मुळातच खारट असते. पावसाळ्यात शेवग्याऐवजी टाकळा, कुर्डू अशा ओळखीच्या रानभाज्या चालतात. मात्र घरातल्या जाणत्या बाईने ओळखलेली भाजीच घ्या.

6. आपले स्वतःचे झटपट अन्न

उन्हाळ्यात आपल्या आया-आज्या शेवया करून वाळवत. विचार करा, ते आपले पाकीटच होते. तळलेले नाही, उन्हात वाळवलेले. त्यात मिठाची पुडी नाही, आणि पाण्यात टाकले की काही मिनिटांत तयार. नागलीचे पीठ आणि गव्हाचे पीठ निम्मे-निम्मे घेऊन शेवया करता येतात. नुसत्या नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तार तुटते. गहू ती धरून ठेवतो. मळ्यावर निघण्याआधी गटाने मिळून दोन-तीन दिवस शेवया केल्या, तर सोबत डबा भरून नेता येईल. वरील कृतीत पाकिटाऐवजी याच शेवया घाला. चवीला घरचे तिखट आणि खुरासणीची चटणी असली म्हणजे मुलांना पुडीची आठवण राहणार नाही.

7. लहान बाळांसाठी

दोन वर्षांखालील मुलाला पाकिटातल्या नूडल्स देऊ नयेत. त्याला नागलीची पेज, मऊ खिचडी, कुस्करलेले उकडलेले अंडे द्या. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तो तुमचा हक्क आहे. कामासाठी गाव सोडताना अंगणवाडीताईंना सांगून जा आणि मळ्याजवळच्या अंगणवाडीत मुलाचे नाव नोंदवायला लाजू नका.

गटात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरात आठवड्यातून किती वेळा पाकीट येते? ते कोण आणते, मूल की मोठे?

2. एका पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचा. अडीचने गुणून मीठ काढा. तेवढे मीठ तळहातावर घेऊन सर्वांना दाखवा.

3. पाच पाकिटांचे पैसे आणि वरील कृतीचे पैसे आपल्या बाजारातल्या भावाने मांडा. कोणते स्वस्त पडते?

4. यंदा किती नागली घरात ठेवायची, हे विकण्याआधी कोण ठरवते? त्यात आईचे मत घेतले जाते का?

चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्या. पातेल्यात काय शिजणार हे पुष्कळदा त्याच दिवशी ठरलेले असते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मूठभर मोड आलेले कडधान्य सोबत आणावे. एकीने दोन पाकिटे आणावीत. आपण तिथेच चूल मांडून ही कृती करू आणि मुलांना वाढू. आवडली की नाही, ते मुलेच सांगतील.