कडेची करामत

पेन्सिलीतील ग्रॅफाइटचा केवळ एका अणूइतका जाड थर म्हणजे ग्राफीन होय. असे सुमारे 30 लाख थर एकावर एक रचावे, तेव्हा कोठे 1 मिलिमीटर जाडी भरते! आंद्रे गाइम व कॉन्स्टन्टिन नोव्होसेलॉव्ह यांनी 2004 साली मँचेस्टर येथे हा थर साध्या चिकटपट्टीने वेगळा केला.

ग्राफीनमध्ये कार्बनचे अणू मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनांत गुंफलेले असतात. आतील प्रत्येक अणूला तीन शेजारी असतात; अगदी कडेच्या अणूला मात्र दोनच. त्यामुळे कड लांबू पाहते, पण आतील भाग तिला लांबू देत नाही. मग काठ ताणून सैल झालेल्या कापडास जशा चुण्या पडतात, तशा लाटा कडेवर उठतात. पट्टी फार अरुंद असेल, तर ती सबंधच पीळ घेते. 2008 साली शास्त्रज्ञांनी हे गणिताने दाखविले.

कडेच्या अणूंना हायड्रोजनची जोड मिळाली, की हा ताण पुष्कळ कमी होतो. पट्टी जितकी अरुंद, तितकी कडेची सत्ता मोठी! म्हणूनच अशा पट्ट्यांपासून विजेची सूक्ष्म उपकरणे घडवू पाहणाऱ्यांना प्रथम कड सांभाळावी लागते.