माजघरातली लक्ष्मी आणि 67 कोटींचे गायतोंडे

मुक्ता, तुझा मेसेज वाचून आधी हसले आणि मग जरा काळजीच वाटली. गायतोंड्यांचं चित्र 67 कोटींना गेलं, तर आजीच्या माजघरातल्या रविवर्म्याच्या लक्ष्मीचे निदान पाच लाख तरी येतील, असा तुझा हिशेब. त्यातून तू फ्रेम उचकटायला निघालीस म्हणे! आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. मग बोलू.

बातमी खरी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंड्यांचं 1970 चं चित्र 67 कोटी 8 लाखांना गेलं. पण हा आकडा एका रात्रीत आलेला नाही गं. नागपुरात जन्मलेला, जे. जे. मध्ये शिकलेला हा माणूस फार कमी रंगवायचा, आणि 2001 मध्ये गेला तेव्हा त्याचं नाव चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत ताजमध्ये केला, तेव्हा त्याच्या एका चित्राला 23 कोटी 70 लाख मिळाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं. चित्रं मोजकी, नवीन तर येणारच नाहीत, आणि मागणाऱ्यांची रांग वाढत गेली. आपल्या लक्ष्मीची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. ती सांगतेच, पण त्याआधी हुसेनचं ऐक, कारण मला तुला सांगायचं ते सगळं त्या एका चित्रात आहे.

‘ग्राम यात्रा’ नावाचं 1954 चं चित्र. जवळजवळ चौदा फूट लांब, आणि त्यात खेड्यातल्या आयुष्याचे तेरा तुकडे. त्याच वर्षी दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी आलेल्या लिऑन एलियास व्होलोदार्स्की या डॉक्टरने ते विकत घेतलं, नॉर्वेला नेलं आणि 1964 मध्ये ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. पुढची कित्येक दशकं ते तिथल्या एका भिंतीवर होतं, बाहेरच्या जगाला जवळपास न दिसलेलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये ते आलं तेव्हा अंदाज होता 25 ते 35 लाख डॉलरचा. गेलं 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपयांना. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती.

चित्र मोठं आहेच. पण मला विचारशील, तर बोली एवढी चढली त्याला आणखी एक कारण आहे: चित्रकाराच्या हातून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून रुग्णालयाकडे, तिथून थेट लिलावात. मधे एकही धूसर जागा नाही. हे खरं कशावरून, असं विचारायची वेळच कुणावर आली नाही. आपल्याकडे हा प्रश्न किती बोचरा आहे, ते रझांना विचारायला हवं होतं. 2009 मध्ये दिल्लीतल्या एका दालनात स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला ते गेले, आणि भिंतीवरची बरीचशी चित्रं आपली नाहीतच, असं त्यांनाच सांगावं लागलं. चित्रकार हयात होता म्हणून निभावलं. तो नसेल तेव्हा बोलायला फक्त कागद उरतात.

आता आपली लक्ष्मी. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. त्या शिळाछापांचा हेतूच मुळी हा, की देवीचं चित्र राजवाड्याबरोबर चाळीतल्या खोलीतही लागावं. लागलंही. म्हणजे एकच लक्ष्मी हजारो घरांत. शिवाय दुसऱ्या छापखान्यांनी तिच्या नकला काढल्या, आणि आता स्कॅन करून जुनाट कागदावर छापलेल्याही मिळतात. त्यामुळे पाच लाख विसर. पण अगदी मोडीतही काढू नकोस. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव आहे का, कडा कापल्यात का, कुणी हौसेने जरी-टिकल्या चिकटवल्यात का (अशा सजवलेल्या प्रतींचे शौकीन वेगळे असतात), हे काचेवरूनच बघ आणि उजेडात फोटो काढ. मागचा पुठ्ठा काढू नकोस. फ्रेमवाल्याचं जुनं लेबल, आजोबांच्या अक्षरातली एखादी तारीख, हे सगळं तिथेच असतं आणि साफसफाईत तेच आधी जातं.

आणि आत्याला विचार. लक्ष्मी घरात कधी आली, कुणी आणली, ती रत्नागिरीहून आली की लग्नात मिळाली, हे आता तिलाच ठाऊक आहे. ती सांगेल ते तारखेसकट लिहून घे, तिची सही घे. लाजू नकोस, तिला आवडेल.

डब्यातल्या शिवराई नाण्यांना मात्र हात लावू नकोस. चिंच लावून तांब्या घासतो तसं नाणं घासलं की त्यावरचा जुना थर जातो आणि संग्राहक तोंड फिरवतो. तशीही तांब्याची शिवराई पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती, त्यामुळे ती भरपूर सापडते. दुर्मीळ आहे तो महाराजांचा सोन्याचा होन, आणि तो आपल्या डब्यात नाही, हे मी तुला इथूनच सांगते!

तरी विकायचंच ठरलं, तर पेपरातला आकडा म्हणजे विकणाऱ्याच्या हातात पडणारे पैसे नव्हेत, एवढं पक्कं समज. हातोडा पडतो त्या रकमेवर घेणाऱ्याकडून बायर्स प्रीमियम घेतात, बहुधा वीस टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच, आणि बातमीत तो धरलेला असतो. विकणाऱ्याच्या रकमेतून कमिशन कापतात ते वेगळंच. राखीव किंमत गाठली नाही, तर वस्तू परत घरी येते आणि पुढच्या वेळी लोक तिच्याकडे जरा संशयाने बघतात. शिवाय घरातलं जुनं कपाट विकलं तर नफ्यावर कर नाही, पण चित्राला ती सवलत मिळत नाही. सीएला आधी विचार. आणि लक्ष्मी शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर ती 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. न्यू जर्सीच्या दादाच्या बॅगेत घालायचा बेत असेल तर सोडून दे, गुन्हा आहे तो.

रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं आठवतं ना? एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजमध्ये निघाली, आणि राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. खर्चासकट 47 लाख 15 हजार. मला तो पैसा सत्कारणी लागला असंच वाटतं, पण बाहेर गेलेलं परत आणायला असं विकतच घ्यावं लागतं.

हो, आणि ट्रॅक्टरवाली पाचाची नोट लाखाला घेतो म्हणणारा तो माणूस. आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणाला ना? रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सावध केलंय, की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी शुल्क मागणाऱ्यांना भुलू नका. त्याचा नंबर ब्लॉक कर, आणि आईलाही सांग. तिने त्याला आधार कार्डाचा फोटो पाठवला नसला म्हणजे मिळवली.