आधी पाण्याला वाट, मग बेसमेंटचा थाट

बेसमेंट फिनिश करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते फ्लोअरिंगच्या रंगाची, दुसरी होम थिएटरची आणि तिसरी भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांकरता खाली बाथरूम काढायचं की नाही याची. पाण्याचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, आणि बरेचदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. न्यू जर्सीत बेसमेंट नीट फिनिश करायला चौरस फुटाला साधारण ५० ते १०० डॉलर पडतात, म्हणजे ८०० चौरस फुटांना ४० ते ८० हजार. एवढा पैसा जमिनीखाली घालण्याआधी तिथली जमीन कोरडी राहील याची तजवीज किती पैशांत होते, त्याचा हा हिशोब. दर ढोबळ आहेत. गाव, घराचं वय आणि काम करणारा यांनुसार त्यात चांगलीच तफावत पडते.

पाणी येतं कुठून?

भूजल वर असलेल्या भागातलं बेसमेंट म्हणजे खणलेली विहीरच. फक्त तिला भिंती बांधून आपण आत टीव्ही लावलेला असतो. मध्य न्यू जर्सीतल्या चिकणमातीत पाणी हळू मुरतं आणि हळूच निघून जातं. झाडं निद्रिस्त असतात आणि बर्फ वितळत असतं त्या काळात, साधारण जानेवारी ते एप्रिल, भूजलपातळी सर्वात वर असते. म्हणून ऑगस्टमध्ये पाहिलेलं कोरडं बेसमेंट हा काही पुरावा नव्हे.

पाण्याच्या जोराचा अंदाज आकड्यांवरून येतो. चार इंची काँक्रीट स्लॅबचं वजन चौरस फुटाला सुमारे ५० पौंड. स्लॅबच्या तळापासून पाणी फक्त एक फूट वर चढलं तरी ते खालून चौरस फुटाला ६२ पौंडांनी रेटतं. म्हणूनच भिंतीला आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग लावून प्रश्न सुटत नाही. ५० ते ७० डॉलरचा तो डबा किरकोळ ओल थोपवेल. मागे पाण्याचा दाब असेल तर रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. भूजल अडवायचं नसतं, त्याला वाट काढून द्यायची असते. पुढचा सगळा खर्च याच एका गोष्टीवर आहे.

आधी निदान, जवळजवळ फुकट

दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. ओल प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला साचली तर ती काँक्रीटमधून येते आहे. वरच्या अंगाला दव धरलं तर दोष हवेतल्या दमटपणाचा. तिथे ठेकेदाराला नव्हे, डीह्युमिडिफायरला बोलवायचं.

मग टॉर्च घेऊन भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या सांध्यावरून फिरा. भूजल सहसा याच फटीतून डोकावतं. तिथे पांढरी पूड दिसली, बोटाला मिठासारखी लागली, तर तो लोणा: पाणी येऊन सुकून गेल्याची खूण. घर विकत घेताना फर्नेस आणि वॉटर हीटरच्या पायांशी गंज, किंवा ड्रायवॉलचा खालचा दोन फुटांचा पट्टाच नवा दिसणं, हेही हीच गोष्ट सांगतात. न्यू जर्सीत २०२४पासून घर विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी उघड करावी लागते. तो कागद मागून घ्या.

पहिला खर्च घराबाहेर: २०० ते ३,००० डॉलर

हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला की ६२० गॅलनच्या वर पाणी होतं. डाउनस्पाउट ते पाणी पायाशीच ओतत असेल तर आत कितीही पंप लावा, आपणच ओतायचं आणि आपणच उपसायचं, असा खेळ चालू राहतो.

- गटर साफ करून घेणं: एका वेळी १५० ते ३०० डॉलर. शरद ऋतूत पानं गळून गेल्यावर एकदा आणि वसंतात एकदा.
- डाउनस्पाउटला जोडनळी: प्रत्येकी १० ते ३० डॉलर. पाणी पायापासून निदान सहा फूट लांब, शक्य तर दहा फूट.
- पायाभोवतीचा उतार: पहिल्या दहा फुटांत सहा इंच. माती आणून स्वतः केलं तर काही शे डॉलर, करून घेतलं तर १,००० ते ३,०००.
- खिडकीच्या खाचेवर झाकण: साधं प्लॅस्टिकचं ३० ते १०० डॉलर.

बऱ्याच घरांचा प्रश्न इथेच निम्मा होतो. म्हणून हे करून एक वसंत ऋतू जाऊ द्या, आणि मगच आतल्या कामाची अंदाजपत्रकं मागवा.

सम्प पंप आणि त्याचा जोडीदार

बेसमेंटच्या जमिनीतल्या खड्ड्यात (सम्प) जमलेलं पाणी बाहेर फेकतो तो सम्प पंप. तो बदलून घ्यायला मजुरीसह ५०० ते १,२०० डॉलर. खड्डाच नसेल तर स्लॅब फोडून नवा खड्डा, पंप आणि बाहेर जाणारा पाइप मिळून १,५०० ते ४,०००. पंपाचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं. तो बंद पडायची वाट न पाहता बदलावा.

किती ताकदीचा पंप हवा, हे विक्रेत्याच्या आधी तुमचा खड्डाच सांगतो. मुसळधार पावसात पंप मिनिटभर बंद ठेवा आणि पाणी किती इंच चढलं ते मोजा. अठरा इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच म्हणजे सुमारे १.१ गॅलन. मिनिटाला दहा इंच चढलं तर तासाला ६६० गॅलन झालं, आणि ते एक तृतीयांश अश्वशक्तीचा चांगला पंप सहज उपसतो. मिनिटाला तीस इंचांच्या वेगाने चढत असेल तर अर्धा अश्वशक्तीचाच घ्या. खोक्यावरचा आकडा नव्हे, दहा फूट उंचीवर तो किती गॅलन फेकतो हा आकडा पाहा.

ज्या वादळात पंप सर्वात जास्त लागतो त्याच वादळात वीज जाते. म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप ही चैन समजू नका. बसवून १,००० ते २,५०० डॉलर, आणि दर तीन ते पाच वर्षांनी १५० ते ३०० डॉलरची नवी बॅटरी. गावाचं नळाचं पाणी असेल तर त्याच्या दाबावर चालणारा पंपही मिळतो. घरी बोअर असेल तर तो निरुपयोगी, कारण वीज गेली की बोअरचा पंपही थांबतो. दर दोन-तीन महिन्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता: तरंगता खटका वर उचलला जातो का, पंप लगेच सुरू होतो का, आणि बंद झाल्यावर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात तर येत नाही ना, एवढं पाहा. परत येत असेल तर चेक व्हॉल्व्ह गेलाय, आणि तो स्वस्त असतो. पंपाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनमध्ये सोडायला बहुतेक गावांत बंदी आहे, आणि बाहेरचा पाइप हिवाळ्यात गोठणार नाही याची खबरदारी हवी.

मोठं काम: आतून की बाहेरून?

सांध्यातून पाणी येतच राहिलं तर भिंतीलगतचा स्लॅब फोडून, खडी आणि छिद्रांचा पाइप घालून पाणी खड्ड्याकडे नेतात. फुटाला ६० ते १२० डॉलर. १३० फूट परिघाला साधारण ८ ते १६ हजार. बाहेरून पायापर्यंत खणून लेप आणि ड्रेन घालायला फुटाला १५० ते ३०० डॉलर, म्हणजे २० ते ४० हजार, वर अंगण आणि डेक उखडतं ते वेगळंच. भूजल खालून येत असेल तर आतलं काम बहुधा पुरतं. ओतीव भिंतीला एखादीच उभी चीर असेल तर तिच्यात पॉलियुरेथेन भरून घ्यायला ५०० ते १,००० डॉलर. त्यासाठी पूर्ण परीघ फोडू देऊ नका. आडवी चीर किंवा आत फुगलेली भिंत दिसली, तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला ४०० ते ८०० डॉलर द्या. त्याला विकायला काही नसतं.

स्लॅब फुटलेलाच असतो, तेव्हा जमिनीतून घरात येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचंही पाहून घ्या. हंटरडन, सॉमरसेट, मर्सर, मॉरिस आणि मॉनमथ या अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) नकाशावर जास्त रेडॉनच्या काउंटी आहेत. चाचणी १५ ते ३० डॉलरची. आकडा लिटरला ४ पिकोक्युरी किंवा वर आला तर उपाय करायचा. सम्पचं झाकण हवाबंदच घ्या.

सही करण्यापूर्वी

तीन अंदाजपत्रकं घ्या. ‘आज सही केलीत तर वीस टक्के सूट’ असं कुणी म्हणालं तर चहा पाजून निरोप द्या. ‘आजीवन हमी’ बहुधा जेवढ्या फुटांत काम झालं तेवढ्यापुरती असते. पंप, भिजलेलं कार्पेट आणि उरलेला परीघ तिच्याबाहेर. घर विकल्यावर ती नव्या मालकाला मिळते का, तेही विचारा. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचा करार लेखीच लागतो आणि तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो.

विमा काय भरतो आणि काय नाही

१ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळात न्यूअर्कला एका दिवसात आठ इंचांहून अधिक पाऊस पडला. अशा वेळी पाणी कुठून आलं यावरच विम्याचा सगळा फैसला होतो. जमिनीतून झिरपलेल्या पाण्याचं नुकसान घराचा नेहमीचा विमा भरत नाही. पंप बंद पडून किंवा ड्रेन उलटून आलेल्या पाण्यासाठी वेगळी पुरवणी लागते. वर्षाला साधारण ५० ते २५० डॉलर. ती आजच मागून घ्या, आणि मर्यादा ५ हजारांची आहे की २५ हजारांची ते पाहा. सरकारी पूरविम्यात बेसमेंटमधली फर्नेस, वॉटर हीटर, सम्प पंप आणि साफसफाई येते. पण फ्लोअरिंग, भिंतींची सजावट आणि सोफा येत नाही. शिवाय तो सहसा ३० दिवसांनंतर लागू होतो, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून काढण्यात अर्थ नाही.

फिनिश करताना

भिंतीला फायबरग्लासऐवजी कडक फोमचे तक्ते लावा, ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, कार्पेटऐवजी व्हायनिल प्लँक किंवा टाइल घ्या. सम्पकडे हात पोचेल असं दार ठेवा. सुंदर भिंतीआड चिणलेला पंप कुणी तपासत नाही. डीह्युमिडिफायर २०० ते ३५० डॉलर. ५०० वॉटचं यंत्र रोज बारा तास चाललं आणि युनिटला २० सेंट धरले, तर महिन्याला ३६ डॉलर. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. गणपतीच्या मखराचे पुठ्ठ्याचे खोके आणि हार्मोनियम जमिनीवर नकोत, फळीवर हवेत. आणि पाणी आलंच तर २४ ते ४८ तासांत सगळं सुकवा, त्यानंतर बुरशी धरते.

खिशाप्रमाणे क्रम

हातात ५०० डॉलर असतील तर गटर, जोडनळ्या आणि विम्याची पुरवणी. ३ ते ५ हजार असतील तर त्यात नवा पंप, बॅटरीचा जोडपंप आणि उतार. १५ हजार असतील तर आतला ड्रेन, पण वरचं सगळं करूनही सांधा ओला राहिला तरच. आणि बजेट ५० हजारांचं असेल तर त्यातले १० हजार पाण्यासाठी बाजूला काढून उरलेल्या ४० हजारांत बसेल एवढंच बेसमेंट आखा. खोली थोडी लहान झाली तरी चालेल.