स्प्रिंग बूट शिकताना: तीन थर आणि एक बिल

व्हिडिओत आपण स्प्रिंग बूट चालू करून पाहिलं. आता तेच धंद्याच्या भाषेत समजून घेऊ.

समजा, तुमचा पॅकबंद फरसाणचा व्यवसाय आहे आणि बिल काढणारं छोटं वेब अ‍ॅप हवंय. स्प्रिंग इनिशियलायझरवर स्प्रिंग वेब, स्प्रिंग डेटा जेपीए आणि सरावासाठी एचटू डेटाबेस निवडा. स्प्रिंग बूट 3 साठी जावा 17 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. टॉमकॅट सर्व्हर आतच मिळतो, वेगळा बसवायची गरज नाही.

कोड तीन थरांत ठेवा:

1. कंट्रोलर: काउंटरवरचा माणूस. ऑर्डर घेतो, उत्तर देतो. हिशोब करत नाही.
2. सर्व्हिस: हिशोबनीस. सवलत, जीएसटी, एकूण रक्कम सगळं इथेच.
3. रिपॉझिटरी: वही सांभाळणारा. डेटाबेसमध्ये नोंद ठेवतो, काढून देतो.

एवढा खटाटोप कशाला? 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. म्हणजे 1000 रुपयांच्या मालावर कर 120 ऐवजी 50 रुपये. दर पाच ठिकाणी लिहिला असेल, तर एखादं ठिकाण हमखास राहतं आणि गिऱ्हाइकाला 70 रुपये जादा लागतात. सर्व्हिसमध्ये एकदाच लिहिला असेल, तर बदलही एकदाच.

आणि हो, प्रत्येक बिलासोबत त्या दिवशीचा दरही साठवा. नाहीतर जुनं बिल पुन्हा काढताना नवा दर लागेल!

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातले बदलू शकणारे पाच नियम कागदावर लिहा. ते सगळे सर्व्हिसमध्ये जातील.