गासला निघण्यापूर्वी तिथी बघा

वसई स्टेशनवर उतरून गास गावाला जायचं म्हटलं की फोनमधला नकाशा सनसिटीवरून जाणारा रस्ता दाखवतो. तोच जवळचा. पण तो खाजणातून जातो, आणि फोनला भरती-ओहोटी कळत नाही.

जुलैमध्ये ओळखीच्यांकडे बारशाला निघालो होतो. अमावास्या नुकतीच उलटलेली. सकाळभर पाऊस पडून गेला होता आणि आता चक्क ऊन पडलं होतं. रिक्षा सनसिटी ओलांडून पुढे आली आणि रस्ता दिसेनासा झाला. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. समोरून एक म्हातारबुवा काठीनं रस्त्याची कड चाचपत गुडघाभर पाण्यातून येत होते. त्यांनी विचारलं, ‘‘गासला का? आता नाय. पाणी अजून चढायचंय. नालासोपाऱ्यावरून जा.’’

पाऊस थांबलेला असताना पाणी चढेल कसं, असं मनात आलं. पण आमच्या डोळ्यांदेखत ते रिक्षाच्या चाकाशी आलं. रिक्षा वळवली.

याचं कारण जमिनीच्या ठेवणीतच आहे. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. मधल्या सोपारा खाडीमुळे हा पट्टा एके काळी बेटच होता. त्याच खाडीच्या जोरावर प्राचीन सोपारा बंदर चाललं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणून काढला, तेव्हा त्या बंदराच्या वैभवाकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं. पुढे खाडी गाळानं भरत गेली, खाजणांत भराव पडले, त्यावर इमारती उठल्या. डोंगराचं पाणी मात्र अजून जुन्याच वाटेनं समुद्र गाठायला बघतं, आणि भरतीला खाडीच तुडुंब असली की ते गावांत नि रस्त्यांवर तुंबतं. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी साचून वसई-विरारची लोकल वाहतूक ठप्प झाली होती, हे तिथं राहणारा कुणीही सांगेल.

म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी कालनिर्णय उघडा. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. दिवसा तीच आणि रात्रीही साधारण तीच. थोडं मागंपुढं होतं. सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असतं, आणि भरती नेमकी भर दुपारच्या सुमारास येते, म्हणजे पाहुण्यांच्या जेवायच्या वेळेला! मुंबई महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा दर पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या वसईकडच्यांनीही जवळ ठेवाव्यात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिला जोर नसतो.

दुसरा धोका वरून दिसतच नाही. या पट्ट्यात वाड्यांना पाणी द्यायला खणलेली तळी, म्हणजेच बावखलं, आहेत. माझ्या मते वसईचं खरं धन हेच. त्यांनी पावसाचं पाणी पोटात घेतलं म्हणून विहिरी गोड राहिल्या. अलीकडे ती बुजवली जातात, हा वेगळा संताप. पण पावसाळ्यात बावखलावर हिरवी शेवाळ पसरली की ते गवताचं मैदान वाटतं. मुलं सोबत असतील तर हात सोडू नका, आणि रात्री अनोळखी गल्लीत गाडी मागे घेताना कुणाला तरी खाली उतरवा.

तुंबलेल्या पाण्यातून चालावंच लागलं आणि पायाला साधं खरचटलेलं जरी असलं, तरी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा. लेप्टोस्पायरोसिस या आजाराची प्रतिबंधक गोळी लवकर घेतली तरच उपयोगाची. ताप येण्याची वाट बघू नका.

बाकी गाव मोकळं आहे. घरात कादोडी बोली बोलणारी माणसं तुमच्याशी छान मराठीत बोलतील. तुम्ही हिंदीत सुरुवात करू नका. लाल लुगड्यातल्या आजींचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. वाडीतली केळी नि फुलं मागितली तर मिळतील, न विचारता तोडू नका.

पावसाळ्यात जायचंच असेल, तर नालासोपाऱ्याला उतरा, ज्यांच्याकडे जाताय त्यांना निघण्याआधी फोन करा, आणि ते ‘आज नको’ म्हणाले तर ऐका.